नंबर तीनची डावी बाजू

दोन महिन्यांत अकरा स्प्लिंट परत आल्या, तेव्हा निमेशभाईंनी ठरवलं की आता परीक्षा घ्यायची.

कांदिवलीला, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्यांची दातांची लॅब होती. कवळ्या, कॅप, ब्रिज सगळं तिथे बनायचं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत स्प्लिंटची मागणी एकदम वाढली होती. झोपेत दात खाणाऱ्या माणसांचे दात झिजतात, जबडा आखडतो, मग डॉक्टर त्यांना वरच्या दातांवर बसवायला कडक पारदर्शक पट्टी देतात, ती स्प्लिंट. दिसायला साधी असली तरी करायला अवघड. खालचे सगळे दात तिच्यावर एकाच वेळी, सारख्या जोराने टेकले पाहिजेत. एक बाजू केसभर उंच राहिली तरी माणूस सकाळी उठतो तो आणखी दुखणं घेऊनच.

"पाच जण स्प्लिंट बनवतात," निमेशभाई कल्पिताला म्हणाले. "पाचांपैकी कोणाला येते आणि कोणाला येत नाही, ते मला कागदावर पाहिजे. तू काढ."

कल्पिता वैती आठ महिन्यांपासून लॅबची क्वालिटी इन-चार्ज होती. त्याआधीची सतरा वर्षं ती स्वतः बाकावर बसून काम करत होती. आता तिला टेबल होतं, कॉम्प्युटर होता, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढायची होती. हातात काही घडत नव्हतं. खुर्चीत बसून बसून तिला कसंतरीच व्हायचं. मध्येच उठून ती बाकांमधून एक चक्कर मारून यायची, तर सगळ्यांचे हात थबकायचे. म्हणजे तेही नको.

परीक्षेचा कागद तिने मन लावून तयार केला. नीट बसते का, डुगडुगते का, दोन्ही बाजूंना सारखी टेकते का, जाडी, कडा, पॉलिश. शंभर मार्क, पासष्टला पास. खाली एक ओळ तिने जाड अक्षरात टाकली: स्प्लिंट लॅबमधून जशी येईल तशीच तपासायची, दुरुस्ती करायची नाही.

"पण तपासणार कशावर?" निमेशभाईंनी विचारलं. "आर्टिक्युलेटरवर?"

आर्टिक्युलेटर म्हणजे दातांची मॉडेल्स जबड्यासारखी उघडझाप करणारं यंत्र. त्यावर सगळंच बरोबर दिसतं.

"तोंडात," कल्पिता म्हणाली. "माझ्याच."

निमेशभाई तिच्याकडे बघत राहिले. "तुझ्या?"

"मी पण दात खाते, भाई. डॉक्टर अनुपमांनी मागेच सांगितलंय स्प्लिंट घाल म्हणून. माझी मापं घेऊ. पाचांना तेच मॉडेल देऊ, नाव न सांगता. मग पाची माझ्या तोंडात घालून बघू. खोटं कुठे बोलणार?"

विलेपार्ल्याच्या डॉक्टर अनुपमा लॅबच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी मापं घेतली. त्यावरून प्लास्टरच्या मॉडेलचे एकसारखे पाच जोड ओतले. ऑफिसमधल्या मानसीने चिठ्ठ्या टाकून पाच जणांना नंबर दिले आणि कोणाला कुठला ते बंद पाकिटात ठेवलं. कल्पिताला काही माहीत नव्हतं. एवढं सगळं चोख केल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. पण मॉडेल वाटायच्या दिवशी ती सकाळपासून टेबलापाशी बसूच शकली नाही, आणि त्याचं कारण जयवंत मेस्त्री होते.

मेस्त्रीकाका लॅबमधले सगळ्यात जुने. सत्तावन्न वर्षांचे, मूळचे मालवणकडचे, राहायला बोरिवलीला. डिप्लोमा नाही, सर्टिफिकेट नाही. हात मात्र असा की ॲक्रिलिकची कड कुठे संपते आणि हिरडी कुठे सुरू होते ते जिभेला कळू नये. कल्पिता विसाव्या वर्षी लॅबमध्ये आली तेव्हा तिला प्लास्टर कालवायचं कसं इथपासून त्यांनीच शिकवलं होतं. कोळीवाड्यातली पोर, मासळी निवडणारे हात, असं काही जण हसले होते. काका म्हणाले होते, "ज्या हाताक कोळंबी सोलूक येता, त्या हाताक ह्यां काम येतलांच."

मॉडेल हातात आल्यावर बाकी चौघांनी ते ट्रेमध्ये ठेवलं आणि कामाला लागले. काकांनी ते उचलून खिडकीकडे नेलं. डोळ्यांजवळ धरलं. मग अंगठा दातांवरून सावकाश फिरवला, वरच्या सुळ्यांपाशी थांबला. सुळ्यांची टोकं झिजून सपाट झाली होती. त्यांनी मान वळवून कल्पिताकडे बघितलं.

कोणाचे दात आहेत ते त्यांना कळलं, हे तिलाही कळलं. मॉडेल घेऊन ते आपल्या बाकाकडे गेले.

*

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, पाच डब्या घेऊन ती पार्ल्याला डॉक्टर अनुपमांच्या क्लिनिकमध्ये गेली. खुर्चीत आडवी झाली. डोक्यावरचा दिवा तोंडावर आला. डॉक्टर एकेक स्प्लिंट बसवायच्या, दातांमध्ये रंगीत कार्बनचा कागद धरून चावायला सांगायच्या, मग स्प्लिंट काढून उठलेले ठिपके मोजायच्या. कल्पिता उठून बसायची, काय वाटलं ते सांगायची, दोघी मिळून मार्क लिहायच्या.

नंबर एक चांगली होती. नंबर दोन जरा जाड, पण टेकत होती.

नंबर तीन तोंडात गेली आणि कल्पिताने डोळे मिटले. मागच्या दाढेपाशी कड आत वळवून गोल केली होती. तिची जीभ त्या कडेवरून फिरली. अशी कड लॅबमध्ये एकच माणूस काढतो.

"चावा," डॉक्टर म्हणाल्या.

ती चावली. डावीकडे काहीतरी आधी लागलं. उजवी बाजू अधांतरी राहिली. ती पुन्हा चावली. स्प्लिंट किंचित कलली आणि जबड्याच्या सांध्यात, कानाच्या पुढे, कळ आली.

डॉक्टरांनी ती काढून दिव्यात धरली. "डावीकडे हा एक ठिपका बघा केवढा. बाकी कुठे रंगच नाही. पण काम काय सुंदर आहे हो. काचेसारखं." मग सहज म्हणाल्या, "एवढं तर आम्ही क्लिनिकमध्ये घासतोच रोज. घासून बघू का?"

जाड अक्षरातली ती ओळ कल्पिताच्या मांडीवरच्या कागदावरच होती. तिला ती वाचायची गरज नव्हती.

तिने होकारार्थी मान हलवली. फक्त एवढंच केलं.

घासायच्या यंत्राचा बारीक दातेरी बर फिरला, दोन मिनिटं घरघर झाली. परत घातल्यावर स्प्लिंट दोन्हीकडे टेकली, अशी की जबडा आपोआप सैल पडला. डॉक्टरांनी मार्क सांगितले, कल्पिताने लिहिले. बहात्तर.

नंबर चार ठीक होती. नंबर पाच घालेपर्यंत बाहेर दोन पेशंट येऊन बसले होते. तीही एका बाजूला आधी लागत होती, उजवीकडे, एका दाढेवर. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. "हिलाही घासायची का?"

"राहू दे," कल्पिता म्हणाली. "आहे तसेच मार्क देऊ."

एकसष्ट.

लॅबमध्ये निमेशभाईंच्या समोर मानसीने पाकीट फोडलं. नंबर तीन जयवंत मेस्त्री. नंबर पाच सपना घाडी. बाकी तिघं पास. म्हणजे पाचांत नापास एकटी सपना. सव्वीस वर्षांची, डिप्लोमा केलेली, तीन वर्षं झाली होती तिला इथे. निमेशभाईंनी लगेच सांगितलं, सोमवारपासून तिला मॉडेल रूममध्ये टाका, प्लास्टर ओतायला.

सपना रडली वगैरे नाही. ती कल्पिताच्या टेबलापाशी आली. "मॅडम, माझं कुठे चुकलं ते दाखवाल?"

कल्पिताने तिची स्प्लिंट काढून दाखवली. "इथे. उजवी दाढ."

"एवढ्या एका पॉइंटला?"

"हो."

सपनाने ती उलटसुलट करून बघितली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मी शेवटी पॉलिश केल्यावर परत चेक नाही केलं." आणि डबी ठेवून गेली.

त्या दिवसापासून कल्पिताचा पाय एका ठिकाणी ठरेना. लॅबमध्ये ती सकाळपासून चार वेळा चहा घ्यायची आणि चारही कप अर्धे टाकायची. मॉडेल रूमच्या दारावरून जायचं टाळायला मागच्या जिन्याने वर यायची. घरी कृष्णाबाईने, तिच्या आईने, ताटात तळलेला बोंबील वाढला तर तिला चावायलाच होईना.

"काय झालंय तुला?" आईने विचारलं. कृष्णाबाई चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई, माणसाचा चेहरा बघून भाव सांगणारी.

"जबडा दुखतोय."

"जबडा आहे की दुसरं काय?"

कल्पिताने ताट सरकवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मनाशी ती सारखा तोच हिशेब मांडत होती. काकांना तीन वर्षं राहिली रिटायरमेंटला. त्यांना या वयात बाकावरून उठवलं तर ते कुठे जातील? सपना तरुण आहे, शिकेल, परत परीक्षा देईल. सगळं पटण्यासारखं होतं. पण पटवून झालं की पाच मिनिटांत ते पुन्हा पहिल्यापासून पटवावं लागायचं.

*

त्यापुढच्या आठवड्यातल्या शनिवारी ज्याला आपली स्प्लिंट बघायची त्याने बघावी असं ठरलं होतं. तिघं आले, मार्क बघून गेले. काका सगळ्यात शेवटी आले, जेवणाच्या सुट्टीत, बाकी लोक खाली टपरीवर गेले असताना.

"बघू गो."

तिने डबी पुढे केली. त्यांनी स्प्लिंट हातात घेतली, पण तिच्याकडे बघितलंच नाही. बघत होते समोरच्या भिंतीकडे, आणि अंगठा चालला होता पट्टीवरून, उजवीकडून डावीकडे. डावीकडे येऊन थांबला. मागे गेला. परत आला.

"ह्यां कोणी घासल्यान?"

कल्पिताने रिकामी डबी मिटली.

"हय बारीक बर फिरलो हा. वर पॉलिश नाय. ह्यां माजां काम न्हय." त्यांनी स्प्लिंट टेबलावर ठेवली. आता ते सरळ मराठीत बोलायला लागले, आणि तेव्हा तिला कळलं की ते रागावलेत. "डॉक्टरांनी घासलं?"

"हो."

"तुझ्यासमोर?"

"माझ्या तोंडात होती ती, काका."

"किती उंच होती?"

"बरीच."

"सगळ्यांची घासली?"

तिने मान खाली घातली. सपनाची एकसष्ट मार्कांची डबी तिथेच बाजूला होती. काकांनी तीही उघडली, अंगठा फिरवला. उजव्या दाढेवर थांबले.

"ही माझ्यापेक्षा कमी उंच असेल," ते म्हणाले.

"हो. कमी होती."

"आणि ती पोर खाली प्लास्टर कालवते."

"काका, तुम्हाला कसं काढणार होते मी? तुम्ही मला..."

"मी तुला काय शिकवलं, ते नको सांगू," ते म्हणाले. "हे तर नव्हतं शिकवलं." मग खुर्ची ओढून बसले. दोन्ही हातांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "माका दिसणा नाय, कल्पिता. वर्ष झालां. मोतीबिंदू, दोनूय डोळ्यांत. कार्बनचो लाल आणि निळो माका सारखोच दिसता. ठिपको उठलो की नाय ताच कळणा नाय. मी अंगठ्यान करतंय, आणि आर्टिक्युलेटर मिटताना आवाज येता तो ऐकतंय. चार स्प्लिंट बरोबर येतत, पाचवी चुकता."

"मग ऑपरेशन का नाही केलंत?"

"रजा टाकली असती तर कळलं असतं सगळ्यांना. म्हणाले असते, म्हातारा झाला." ते उठले. "त्या अकरांतल्या किती माझ्या होत्या, तू बघितलंस?"

तिने बघितलं नव्हतं. परत आलेल्या स्प्लिंटचं रजिस्टर तिच्याच टेबलावर होतं, आठ महिने. कुठली कोणाच्या हातची ते जुळवून बघितलं असतं तर परीक्षा घ्यायची वेळच आली नसती, आणि कदाचित म्हणूनच बघितलं नव्हतं.

"सात असतील," काका म्हणाले. "सात माणसं माझी पट्टी घालून झोपली आणि दुखणं घेऊन उठली. तू सोमवारी शेठला सांग. नायतर मी सांगतलंय."

सोमवारपर्यंत थांबणं तिला जमलं नसतं. ती त्याच दुपारी निमेशभाईंच्या केबिनपर्यंत गेली आणि परत फिरली. जिना उतरून तळमजल्यावर गेली, रिकामी रिक्षा उभी होती तिच्याकडे बघत राहिली, परत वर आली. तिसऱ्या खेपेला दार ढकललं आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसली असती तर दुसरंच काहीतरी बोलली असती.

तिचं संपल्यावर निमेशभाईंनी मोबाइल उपडा करून ठेवला.

"जयवंतला वाचवला, ते मला समजते," ते म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळचा माणूस आहे. मी पण कदाचित तेच केला असता. पण त्या मुलीने तुझा काय बिघडवला होता, कल्पिता?"

सपनाबद्दल कल्पिताच्या मनात काहीच नव्हतं. वाईट नाही, चांगलंही नाही. ती नंबर पाच होती, आणि बाहेर दोन पेशंट थांबले होते.

*

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी स्प्लिंट डॉक्टर अनुपमांच्या एका पेशंटच्या मापाच्या होत्या आणि मार्क एकट्या डॉक्टरांनी द्यायचे होते. नंबरांचं पाकीटही त्यांनीच ठेवलं. निमेशभाईंनी काकांना सांगितलं, तुम्ही नाही दिली तरी चालेल. काका म्हणाले, "देतलंय." आणि कल्पिताला निमेशभाई म्हणाले, "तूसुद्धा दे. आठ महिने तू दुसऱ्यांना मार्क देते आहेस. तुला येते का अजून, ते तरी बघू."

तिला वाटलं होतं, हात विसरत नाहीत. हात विसरले होते. मेणाचा थर जाड झाला, तो खरवडून परत लावावा लागला. शेजारच्या बाकावर सपना काम करत होती, मान वर न करता. एकदा कल्पिताने तिच्याकडे बारीक बर मागितला, तिने दिला. पॉलिश झाल्यावर सपनाने पुन्हा कार्बन धरून आर्टिक्युलेटर मिटला, ठिपके बघितले, थोडं घासलं, पुन्हा मिटला. चार वेळा.

निकाल आला. सपनाला सत्याहत्तर. कल्पिताला सहासष्ट, म्हणजे एका मार्काने वर. काकांना एकोणपन्नास.

काकांनी स्वतःचा बाक स्वतः आवरला. ब्रश धुतले, घासायचा हॅन्डपीस पुसला, सगळं स्प्लिंट बनवणाऱ्यांतल्या अल्पेशच्या ताब्यात दिलं, आणि एक महिन्याची रजा लिहून डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला बोरिवलीच्या दवाखान्यात गेले. कल्पिताने फोन केला, तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी परत केला, तोही नाही.

क्वालिटीची खुर्ची तिने आपणहून सोडली आणि परत बाकावर बसली. निमेशभाईंनी अडवलं नाही. आता महिन्याला पाच स्प्लिंट कुठल्याही उचलून डॉक्टरांकडे तपासायला जातात, आणि परत आलेल्यांच्या रजिस्टरात कोणाच्या हातची ते नाव आता समोरच लिहितात. कल्पिताचं नाव त्यात दोनदा लागलं. ते वाचून ती खरंच कामाला लागते, चहा पूर्ण पिते.

सपनाशी बोलायला तिला दहा दिवस लागले. शेवटी हात धुवायच्या बेसिनपाशी गाठलं.

"सपना, मी तुझ्यावर अन्याय केला. तुझी स्प्लिंट घासली असती तर तूही पास झाली असतीस. किंवा कोणाचीच घासायला नको होती."

सपनाने नळ बंद केला. "मला कळलं होतं आधीच. निमेशभाईंनी सांगितलं." ती हात पुसत राहिली. "मॅडम, त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं की मला हे काम येत नाही. आई म्हणाली, मग सोड. मी सोडणारच होते. आता परत सगळ्यांना सांगतेय की येतं. पण मला स्वतःला अजून नीट पटत नाहीये. त्याला वेळ लागेल."

"माझ्यावर रागाव हवं तर."

"रागावलेच आहे," सपना म्हणाली, आणि पुढच्या कामाचा ट्रे घेऊन गेली. तेव्हापासून ती कल्पिताला मॅडम म्हणत नाही. ताईही म्हणत नाही. काम असलं तर सरळ कामाचं बोलते.

काका एक महिन्याने आले ते काळा चष्मा लावून. त्यांना स्प्लिंट द्यायच्या नाहीत असं ठरलं होतं, म्हणून ते आर्टिक्युलेटरवर मॉडेल बसवायला बसले. तिथे अंगठाच लागतो. पहिला आठवडाभर कल्पिताच्या बाकाकडे त्यांनी मान वळवली नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा तिच्या ट्रेमधलं मॉडेल उचलून म्हणाले, "हे तिरपं बसलंय, परत बसवून देतो," आणि परत बसवून दिलं.

मग एका दुपारी डबा घेऊन ते तिच्या समोर येऊन बसले. भाकरी आणि सुकटीची चटणी होती. तिच्या डब्यातली कोळंबी त्यांनी न विचारता घेतली.

"डावा डोळा आता चांगला," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंना सांगितलं, माझी परत घ्या परीक्षा. घेतली. कोणाला सांगितलं नव्हतं."

"किती आले?"

"त्रेसष्ट."

पहिल्या परीक्षेच्या वेळी तिने म्हटलं असतं, दोनच मार्क, काका, दोन मार्कांचं काय एवढं. आता तिने तसं म्हटलं नाही.

"कुठे गेले?" तिने विचारलं.

"डावीकडे टेकते. उजवीकडे अजून चुकते. उजवा डोळा गणपतीनंतर करायचा म्हणतो डॉक्टर. मगे परत देतलंय."

"मॉडेल मी ओतून ठेवते."

"सपनाक सांग," काका म्हणाले. "तिचां प्लास्टर तुझ्यापेक्षा चांगलां येता."

मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि घरी नातवाने काय पराक्रम केला ते सांगायला लागले.